बिनतारी छायाचित्र आणि सेलेनियमचा आळस

आज आपण खिशांतल्या फोनवरून छायाचित्र क्षणार्धांत परदेशीं धाडतों. तें कसें गेलें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. एखाद्या मुलानें विचारलेंच, तर 'विज्ञानाचा चमत्कार' एवढ्या उत्तरानें घरीं, आणि खेदानें म्हणावें लागतें कीं वर्गांतही, त्यास गप्प केलें जातें. हा शब्द मला गैर वाटतो. चमत्कार म्हटला म्हणजे तो करणारा माणूस विसरला तरी चालतो.

चित्र आकाशांतून उडत जात नाहीं. आरंभींच्या यंत्रांत तें फिरत्या नळकांड्यावर गुंडाळून त्यावर प्रकाशाचा बारीक किरण ओळीओळीनें सोडीत. जेथें उजेड तेथें विजेचा प्रवाह अधिक, जेथें काळोख तेथें कमी. त्या चढउतारांवरून पलीकडच्या नळकांड्यावर दुसरें चित्र नव्यानें उमटे.

म्यूनिकच्या आर्थर कॉर्न यांनीं या कामीं सेलेनियम योजिलें. उजेड पडतांच त्यांतून वीज अधिक वाहते, हें १८७३ सालींच प्रसिद्ध झालें होतें. पण सेलेनियम मोठें आळशी! उजेड सरला तरी तें लगेच पूर्वस्थितीवर येत नाहीं. मग गोऱ्या कपाळाची छटा काळ्या केसांवर ओघळते. कॉर्न यांनीं त्याच्या जोडीस दुसरें सेलेनियम अशा युक्तीनें बसविलें कीं, एकाचा आळस दुसऱ्याच्या आळसानें कापला जावा. १९०७ सालीं बर्लिनहून पॅरिसला तारेनें चित्र गेलें. बिनतारी मार्ग याहून बिकट, कारण वातावरणांतील विजेची खरखर चित्रांत डाग होऊन उतरे. तरी १९२२ सालीं पोप अकरावे पायस यांचें छायाचित्र कॉर्न यांच्याच पद्धतीनें रोमहून अमेरिकेंतील बार हार्बर येथें पोहोंचलें. पुढें ३० नोव्हेंबर १९२४ रोजीं रिचर्ड रेंजर यांनीं राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचें चित्र लंडनहून न्यूयॉर्कला सुमारें २० मिनिटांत आणिलें.

कॉर्न ज्यू कुळांतले. नाझी राजवटींत, १९३५ सालीं, त्यांचें बर्लिन येथील अध्यापकपद गेलें. १९३९ सालीं त्यांस देश सोडावा लागला व १९४५ सालीं ते अमेरिकेंत वारले.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, मुलाच्या 'कसें?' या प्रश्नास टाळूं नये. मीं वर्गांत एका मुलास चौकटींच्या कागदावरील चेहऱ्याचीं काळीं-पांढरीं घरें मोठ्यानें वाचावयास व दुसऱ्यास पाठमोरें बसून भरावयास सांगितलें. वाचणारानें मध्येंच एक घर गाळलें, आणि नाक गालावर सरकलें! सारा वर्ग हंसला. पण दोन्ही टोकांचीं नळकांडीं एकाच गतीनें कां फिरावीं लागत, हें त्या दिवशीं मला फळ्यावर लिहावें लागलें नाहीं.