नौकांची संख्या कायद्यात, हिशेब कोठे?

अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून ठरविले की, समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य व रणगाडे उतरविणाऱ्या किमान ३१ युद्धनौका नौदलाजवळ असल्याच पाहिजेत. लोकप्रतिनिधींनी सेनाधिकाऱ्यांना शिस्त लावली, असे वरवर वाटेल. वस्तुतः या खर्चाचा पुनर्विचार करावयाचा तर आता आधी कायदाच बदलावा लागेल.

ही युक्ती जुनीच आहे. जर्मनीत १८९८ च्या नौदल कायद्याने १९ मोठ्या युद्धनौकांची संख्या मुक्रर केली. दोनच वर्षांत ती ३८ झाली. नौका २५ वर्षांची झाली की तिच्या जागी नवी बांधणे बंधनकारक ठरले. राइशस्टागचा वार्षिक अंदाजपत्रकाचा अधिकार निष्प्रभ करणे हाच ॲडमिरल टिर्पिट्झ यांचा डाव होता. म्हणूनच बेबेल यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने या कायद्यांना विरोध केला. पुढे ब्रिटनशी जी नाविक स्पर्धा पेटली, तिचा शेवट कोठे झाला हे सर्वश्रुत आहे.

शिवाय कायद्यात आकडा लिहिल्याने नौका समुद्रात जात नाहीत. अमेरिकेच्याच सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२४ मध्ये या ताफ्यातील ३२ पैकी निम्म्या नौकांची अवस्था वाईट असल्याचे नमूद केले.

आपल्याकडे दुसरे टोक आहे. संख्या कायद्यात नाही हे योग्यच. पण चर्चाही नाही. १९७१ पासून अमेरिकेच्या सेवेत असलेली ‘ट्रेंटन’ २००७ मध्ये ‘जलाश्व’ नावाने आपल्या नौदलात आली. महालेखापरीक्षकांनी या खरेदीवर २००८ मध्ये ताशेरे ओढले. चार नव्या नौकांसाठी २०१३ मध्ये मागविलेल्या निविदा पुढे रद्द झाल्या. याच जलाश्वने मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ देशबांधवांना कोचीस आणले. अशा नौका परक्या किनाऱ्यावर चाल करण्यासाठी हव्यात की आपत्तीतील साहाय्यासाठी, याचा निर्णय संसदेत व्हावयास हवा. परंतु २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेने संरक्षणासह सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या.

नाशिकच्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. ओझरच्या विमान कारखान्याचे काम प्रामुख्याने हवाई दलाच्या मागणीवर चालते. हवाई दलाच्या ४२ स्क्वाड्रन मंजूर असूनही सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ च उरल्या. किमान संख्या कायद्यात घाला, म्हणजे काम टिकेल, हा युक्तिवाद कामगाराला पटणे स्वाभाविक आहे. पण त्याची भाकरी शस्त्रांच्या संख्येला बांधली की शांतता हीच त्याची वैरीण ठरते. प्रवासी विमानांची देखभाल-दुरुस्ती ओझरला करण्याचा करार २०२४ मध्ये झाला आहे. कामगारांचे कौशल्य नागरी उपयोगाकडे वळविण्याचा हा मार्ग रुंद करणे, ही संघटनांची मागणी असली पाहिजे.

कायदा करावयाचाच असेल, तर तो संसदेचे हात बांधणारा नसावा. संरक्षणाच्या मागण्या चर्चेविना मंजूर होणार नाहीत आणि स्थायी समितीच्या शिफारशी सरकारने नाकारल्यास सभागृहात त्याची कारणे द्यावी लागतील, एवढे दोन नियम कायद्यात आले पाहिजेत. किती नौका हव्यात हे दर वर्षी जनतेच्या प्रतिनिधींनी विचारावे. आणि किती शाळा, किती दवाखाने यांच्या शेजारी ठेवून विचारावे.