विमानाचा मुक्काम कोठे?

गोव्यात तळ असलेल्या विमानांचे वेळापत्रक हा आता केवळ गोवेकरांचा विषय राहिलेला नाही. दाबोळीची धावपट्टी नौदलाची. तेथील सरावामुळे सकाळचे मोक्याचे तास वर्षानुवर्षे नागरी विमानांच्या वाट्यास येत नसत. मोपा येथून 5 जानेवारी 2023 रोजी नागरी उड्डाणे सुरू झाली आणि भल्या पहाटे विमान सोडून रात्री उशिरा परत आणण्याची सोय झाली. मार्च 2024 मध्ये 'फ्लाय 91' ही गोव्याची प्रादेशिक कंपनी तेथून उडू लागली व एप्रिलमध्ये तिने जळगाव जोडले. ही गोष्ट स्वागतार्ह होती, यात शंका नाही.

जळगावच्या विमानाकडे केवळ जळगावच पाहते असे नव्हे. तापीकाठचे बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात मोडत असले तरी भुसावळमार्गे रेल्वेने जळगाव तेथून अवघे 80 किलोमीटरच्या आसपास. इंदूर त्याच्या दुपटीहून लांब. राजपुऱ्यातून निघालेल्या कापड व्यापाऱ्याला किंवा पुण्याच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णाला राज्याची सीमा अडवीत नाही. त्याला अडविते ते घड्याळ.

ते कसे, हे समजून घेण्यासाठी विमानाचा दिवस कसा आखतात ते पाहावे लागेल. सत्तर आसनांच्या घरातले एटीआर विमान उभे राहिले तरी त्याचे भाडे चालूच असते. म्हणून ते जास्तीत जास्त तास हवेत ठेवणे हा कंपनीचा धर्म. दीड-दीड तासाची सहा उड्डाणे म्हणजे नऊ तास, मधले पाच थांबे अर्ध्या-अर्ध्या तासाचे, म्हणजे आणखी अडीच. कागदावर हा साडेअकरा तासांचा दिवस देखणा दिसतो. पण प्रत्येक थांब्यावर दहाच मिनिटे अधिक गेली, तरी शेवटचे विमान पन्नास मिनिटे उशिरा पोहोचते. लहान विमानतळांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात. उशीर त्यापलीकडे गेला की ते उड्डाण रद्दच होते. अशा वेळी मोठ्या शहरांना दुसरे विमान मिळते. लहान गावाला मिळते ती दिलगिरी!

त्याहून महत्त्वाची गोष्ट विमानाच्या रात्रीच्या मुक्कामाची. विमान जेथे झोपते त्या गावाला सकाळ मिळते. बाकीच्यांना दिवसाचे उरलेसुरले तास. गोव्याहून सुटून जळगावला येईपर्यंत कचेऱ्या उघडलेल्या असतात, आणि सकाळी जाऊन काम उरकून रात्री घरी परतावे हा हिशेब मोडतो. मग एका कामासाठी दोन दिवस आणि लॉजचा खर्च! त्यापेक्षा रात्रीची रेल्वे बरी, असे बुऱ्हाणपूरकर म्हणाला तर त्याला दोष कोण देणार?

जळगावला हा अनुभव नवा नाही. डिसेंबर 2017 मध्ये एअर डेक्कनचे छोटे विमान आले आणि गेले; 2019 मध्ये ट्रूजेट आली, तिचीही सेवा 2022 मध्ये थांबली. कंपन्यांच्या अडचणी निरनिराळ्या असतील. परंतु मोजक्या विमानांवर अनेक गावे टांगली की पहिली कात्री दूरच्या गावावर चालते, हे मात्र दोन्ही वेळा दिसले.

'उडान' योजनेची मोजणी आसनांची आणि आठवड्यातील उड्डाणांची आहे. विमान सकाळी आठला सुटले काय आणि दुपारी दोनला सुटले काय, अनुदानाच्या लेखी सारखेच. विमान भरावे म्हणून भाड्याला मर्यादा घातली, पण प्रवाशाच्या उपयोगाची वेळ कोणी मागितली नाही. या योजनेतील अनुदानाचा पाचवा हिस्सा राज्य सरकार देते. तेव्हा हे मागणे मुंबईला अशक्य नाही. योजनेतील उड्डाणांना विमानतळाचे उतरण्या-थांबण्याचे शुल्क माफ आहे, त्यामुळे तीही सबब नको. खर्च आहे तो अभियंता, सुटे भाग आणि वैमानिक-कर्मचाऱ्यांच्या निवासाचा. हा खर्च किरकोळ नव्हे, हे आम्ही जाणतो. एका विमानासाठी दोन गावी साहित्य ठेवणे कोणाही कंपनीला जड जाईल.

म्हणूनच एकदम रोजचा मुक्काम मागण्याऐवजी, आठवड्यातील निदान तीन रात्री एक विमान जळगावला ठेवावे आणि सकाळी ते पुण्याकडे सोडावे, असे आमचे म्हणणे आहे. या मुक्कामाचा वाढीव खर्च महाराष्ट्र सरकारने पहिले वर्षभर उचलावा, आणि बुऱ्हाणपूरच्या प्रवाशांसाठी मध्य प्रदेशानेही त्यात आपला वाटा घालावा.