मोबाईल घरोघरी, पण अडलं की धाव एकाच पोराकडे

कळंबा : "बाळा, जरा बघ की ह्यात काय आलंय." संध्याकाळी दिवे लागले की हे वाक्य आपल्याकडं प्रत्येक गल्लीत ऐकू येतं. एखादी काकी दारात उभी, हातात फोन, आणि समोर बारावी झालेला किंवा आयटीआयला जाणारा पोरगा. तो फोन घेतो, चार ठिकाणी बोट लावतो, "काकी, ओटीपी आला काय बघू" म्हणतो, स्वतःच बघतो, स्वतःच टाकतो. दोन मिनिटांत काम होतं. काकी खूश, पोरगंही खूश. पण काकीला काय कळलं? पुढच्या वेळी पण इथंच यायचं, एवढंच.

कळंबा शहराला चिकटलेलं गाव. दुकानात क्यूआर कोड आहे, पोरांकडं रील आहे, म्हाताऱ्यांकडं भजनं आहेत. म्हणून कुणाला वाटतं की इथं मोबाईलचं काय शिकवायचं? पण रील बघणं वेगळं आणि सरकारी काम करणं वेगळं. गेल्या चार-पाच वर्षांत शासनानं एकेक काम फोनवर आणून ठेवलंय. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. पिकाची नोंद तलाठ्यानं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यानं करण्याऐवजी शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून फोटो काढून करायची. मग शेतकरी ओळख क्रमांक आला, २०२५ मध्ये तो शेतीच्या योजनांसाठी सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. त्यात बहिणीचा ओटीपी, वर पतीचा किंवा वडिलांचा ओटीपी. दोघंही हयात नाहीत अशा बहिणी अडकल्या आणि शासनाला पुढं त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. रेशनची केवायसी आहे, पेन्शनरांचा हयातीचा दाखला आहे. यादी थांबत नाही.

यातल्या चुकाही साध्या नसतात. आपलंच बघा. बोलताना सगळे कळंबा म्हणतात, महसूल दप्तरी गाव आहे कळंबे तर्फ ठाणे. त्याच करवीर तालुक्यात कळंबे तर्फ कळे हेही गाव. यादीत चुकीच्या कळंब्यावर बोट पडलं तर गट नंबर सापडतच नाही, आणि माणूस ॲप बंद पडलं म्हणून घरी जातो. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या कस्टमर केअरला सांगून कळत नाही. ती गावातल्याच माणसाला माहीत असते.

शिकवायचा प्रयत्न सरकारनं केला नाही असं नाही. केंद्राच्या डिजिटल साक्षरता अभियानात २०१७ पासून मार्च २०२४ पर्यंत देशातल्या ६ कोटींहून जास्त ग्रामीण लोकांना शिकवल्याचं सरकार सांगतं. कोर्स २० तासांचा, घरटी एकजण, वयाची अट १४ ते ६०. म्हणजे पेन्शनवाला आजोबा त्यात बसतच नव्हता. ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच बाहेर! शिवाय ई-पीक पाहणीचं ॲप काही हंगामांनी नव्या रूपात येतं, जुनं काढून नवं घ्यावं लागतं. एकदा घेतलेलं सर्टिफिकेट अशा वेळी कपाटात राहतं.

आपल्याच जिल्ह्यातला एक जुना धडा इथं आठवावा लागेल. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. केंद्र, राज्य आणि वारणा साखर कारखाना यांनी मिळून खर्च केला, गावोगावी संगणक केंद्रं झाली. शेतकऱ्याला तिथं बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी दाखले सगळं मिळणार, असं त्या वेळी सांगितलं गेलं. पुढं २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टचे संशोधक तिथं गेले. त्यांना दिसलं की केंद्रांचा वापर मुख्यतः कारखान्याच्याच माहितीसाठी होतोय : उसाचं वजन किती भरलं, तोड कधी, खत किती उचललं. मग त्यांनी ७ गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवर एसएमएसनं तीच माहिती देऊन बघितली. शेतकऱ्यांना ती जास्त आवडली. संगणक वाईट होता असं नव्हे. पण काय हवंय ते वरून ठरलं होतं, आणि गावकरी फक्त खिडकीबाहेर उभं राहून विचारणारा होता. खिडकीच्या आत जायला कुणी शिकवलं नाही.

जगात याच्या उलटं काम झालेलं आहे, तेही पैशाशिवाय. ५ मार्च १९७५ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये संगणकाची हौस असलेली माणसं जमली. होमब्रू कॉम्प्युटर क्लब त्याचं नाव. ॲपलचा स्टीव्ह वॉझ्नियाक त्यातलाच. त्यांच्या बैठकीची पद्धत मला फार आवडते : आधी प्रत्येकानं उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, माझ्याकडं हे आहे, माझं हे अडलंय. मग बैठक मोडायची आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं त्या माणसाला गाठायचं. मास्तर कुणी नाही. आपल्याकडं पुण्या-मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे ग्रुप असेच चालले. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी जमायचं, नवख्याला स्वतःचा संगणक घेऊन यायला सांगायचं, आणि तिथंच बसून चालू करून द्यायचा.

आता कुणी म्हणेल, कुठं कॅलिफोर्निया आणि कुठं कळंबा. पण कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. तालीम मंडळं काय पगारावर चालतात? वर्गणी, हिशेबाची वही, आणि बऱ्याच मंडळांत दर वर्षी नवा अध्यक्ष. महापूर आला की सगळ्यात आधी पाण्यात उतरतात ती हीच पोरं. मग महिन्यातून एक रविवार मंडळाच्या खोलीत किंवा शाळेच्या वर्गात 'मोबाईल बैठक' का होऊ नये? खर्च म्हणाल तर सतरंजी आणि एक जोडणी बोर्ड.

अवघड आहे ते वेगळंच. पहिली अट मी सांगतो आणि ती मोडली तर बैठक बंद केलेली बरी : फोन ज्याचा त्याच्याच हातात राहिला पाहिजे. मदत करणाऱ्यानं बोट दाखवायचं, दाबायचं नाही. दोन मिनिटांचं काम वीस मिनिटांवर जातं, पोरं वैतागतात, रांग वाढते. वाढू दे. दुसऱ्या वेळी तीच बाई दुसरीला दाखवते, हा अनुभव बचत गटात आलेलाच आहे. ओटीपी आणि पिन मोठ्यानं वाचायचा नाही, मदत करणाऱ्यालाही दाखवायचा नाही. (इथं माझीही चूक कबूल करतो. आईच्या फोनचा पिन मीच ठेवला होता, तिचं जन्मसाल. घरातल्या सगळ्यांना माहीत, शेजाऱ्यालाही.)

हा नियम शिस्तीपुरता नाही, त्यामागं पैसा आहे. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले, ही संसदेत दिलेली आकडेवारी आहे. गावाकडं सध्या जास्त येतंय ते एपीके फाईलचं प्रकरण. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका, गाडीचं चलन किंवा पीएम किसानची यादी म्हणून फाईल येते. उघडली की फोन विचारतो, हे ॲप टाकू का? 'हो' म्हटलं की ते मेसेज वाचायला लागतं आणि बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडं. फाईल पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, कारण त्याचाही फोन आधीच गेलेला असतो. असं झालं तर लगेच इंटरनेट बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून १९३० ला लावायचं, बँकेला कळवायचं. जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. लाजेनं दोन दिवस गप्प बसणारे खूप आहेत. बैठकीत एकानं जरी "माझे गेले" असं उघड सांगितलं तर बाकीचे दहाजण सावध होतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे होत नाही. तिथं शुभ सकाळच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं, आणि तीच फाईल त्याच ग्रुपवर फिरते.

दुसरी भीती राजकारणाची. गावात चार माणसं नेमानं जमायला लागली की निवडणुकीचा वास लागतो. त्यामुळं बैठकीत जमलेले फोन नंबर कुणालाही द्यायचे नाहीत, बॅनर कुणाचाच नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागेल. बायकांसाठी वेळही वेगळी ठेवावी लागेल, कारण गडी बसले की त्या मागं दाराशी उभ्या राहतात आणि प्रश्न विचारत नाहीत. शिकवणाऱ्या पोरीच असल्या तर उत्तम. आणि सेवा केंद्रवाल्यांनी रागावू नये. दाखले, छपाई, अंगठ्याची कामं त्यांच्याकडंच राहणार. फक्त नुसतं ॲप उघडून द्यायचे पैसे कमी होतील.

सगळ्यात कच्चा दुवा मात्र तो पोरगाच आहे. माझ्या ओळखीतला एकजण गेली दोन वर्षं गल्लीतल्या तीसेक घरांची पीक पाहणी, केवायसी, गॅसचं बुकिंग सगळं फुकटात करतो. कुणाच्या आधारला कुठला नंबर जोडलाय, कुणाचा नंबर बंद पडलाय, हे त्याच्या डोक्यात आहे, कुठंही लिहिलेलं नाही. तो सध्या भरतीची तयारी करतोय. पहाटे तलावाकडं पळायला जातो. निवड झाली तर खरीप लागायच्या आत तो ट्रेनिंगला गेलेला असेल. परवा त्याला विचारलं, तुझ्यामागं कोण? तो हसला आणि म्हणाला, "काका, अजून कुणी विचारलंच नाही."