वाट कशी आहे, हे कुणाला विचारायचं?

डोंगरवाटांची माहिती देणारे लेख आपण वाचतो. वाट मळलेली आहे का, घसारा कुठे, पाणी कुठे, किती तास लागतील, हे त्यात असतं. त्याच वाटेवरून डोईवर ओझं घेऊन कोण जातं, हे मात्र क्वचितच असतं. ज्या माहितीत ही बाई नाही ती माहिती अर्धीच, असं माझं म्हणणं आहे.

मी वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांदा निवडणाऱ्या बायकांबरोबर काम करते. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलींनी कात्रज ते सिंहगड चालायचं ठरवलं आणि मीही सोबत गेले. जुन्या कात्रज बोगद्यापाशी निघायचं आणि एकामागून एक डझनभर डोंगर चढत-उतरत सिंहगड गाठायचा. आठ-दहा तासांची चाल. मुरमाड उतारावर पाय सरकतो, वाळल्या गवतावर तर जास्तच. धारेवर पाणी नाही, सावली नाही आणि आडोसाही नाही. पाण्याचं आणि घसाऱ्याचं आम्हाला आधी कळलं होतं. आडोशाचं कुणी सांगितलं नव्हतं. पाळी आलेल्या मुलीने पाणी कमी पिऊन, लघवी रोखून दिवसभर चालायचं, ही वाटेची स्थिती नव्हे काय?

गडावर दही-ताक विकणाऱ्या बायका भेटतात. आज गडावर गाडीरस्ता आहे. पण पायथ्याच्या वाड्यांतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या दह्याची मडकी डोक्यावर घेऊन पायवाटच तुडवली. पायवाट कुणी आखत नाही, ती पायांनी पडते. त्या पायांची नोंद कुठे आहे?

आमच्या बाजारात याचं उत्तर शोधता येतं. माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली कामगार लढले, म्हणून झाला. पुढेही गोणी 50 किलोहून जड नको, यासाठी माथाडींना इथे काम बंद ठेवावं लागलं. ओझं मोजलं गेलं, तेव्हाच ते श्रम ठरलं. डोंगरातल्या बाईचा हंडा, मोळी, मडकं कोण मोजतं?

रायगडच्या हिरकणीची कथा आपण मुलींना कौतुकाने सांगतो. दूध विकायला आलेली गवळण, दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरली. पण शेवट नीट ऐका. तिचा सन्मान झाला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला गेला. आईपणाचा गौरव झाला, वाट मात्र बंद झाली. दूध विकणारीला घरी परतायला दरवाजा किती वाजेपर्यंत उघडा हवा, हे कथेत कुणी विचारत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, सहली काढताना आधी पायथ्याच्या गावातल्या बायकांशी बोलूया. पाणी, आडोसा, निसरड्या जागा, परतीची शेवटची बस, हे सारं त्यांच्याकडून समजून घेऊन लिहून ठेवूया आणि इतर गटांना देऊया. त्या किती ओझं नेतात, किती वेळा नेतात, हेही लिहूया. वाट दुरुस्तीचा अर्ज ग्रामपंचायतीकडे किंवा वनखात्याकडे जाईल, तेव्हा त्यावर पहिली सही ओझं नेणाऱ्या बाईची असावी, आपली तिच्याखाली.