पीटरचा लाल पोशाख

मुलांच्या पुस्तकात कोणाचा चेहरा छापायचा, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. पण ज्या मुलाला कुठल्याच पानावर आपल्यासारखे कोणी दिसत नाही, त्याला न शिकवता एक धडा मिळतो : हे पुस्तक तुझ्यासाठी नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांना हा धडा पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत तिथे निघालेली ५,२०६ बालपुस्तके नॅन्सी लॅरिक या लेखिकेने तपासली. त्यांपैकी अवघ्या ३४९ पुस्तकांत काळा माणूस होता!

त्यातलेच एक १९६२ सालचे ‘द स्नोई डे’. गोष्ट एवढीशी. पीटर नावाचा काळा पोरगा सकाळी उठतो, तर बाहेर सगळीकडे बर्फ. लाल गरम पोशाख घालून तो निघतो. पावले उमटवतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो, उंचवट्यावरून घसरतो. थोडा बर्फ उद्यासाठी खिशात भरतो. घरी आई ओले मोजे काढते. झोपायच्या आधी पाहतो, तर खिशातला बर्फ गायब!

इथे पीटरची कोणी कीव करत नाही, त्याला उपदेशही करत नाही. तो काळा आहे, असे एका अक्षरानेही सांगितलेले नाही. ते चित्रात दिसते. यावर टीका झाली. आम्हाला मात्र वाटते, चार मुलांसारखे बिनघोर खेळणे हाही माणुसकीचा हक्कच आहे.

हे पुस्तक लिहिणारे आणि रंगवणारे एझ्रा जॅक किट्स. बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच काळात त्याच शहरात, ११ मार्च १९१६ रोजी, त्यांचा जन्म झाला. आईबाप पोलंडहून आलेले गरीब ज्यू. मूळ आडनाव काट्झ. ज्यूंच्या द्वेषापायी १९४७ साली त्यांनी नाव बदलले. आडनावावरून माणूस जोखणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

१९६३ साली पुस्तकाला मानाचे कॅल्डेकॉट पदक मिळाले. २०२० साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हिशेब मांडला, तेव्हा १२५ वर्षांत वाचकांनी सर्वांत जास्त वेळा घरी नेलेले पुस्तक हेच ठरले.

किट्स यांचे वडील हॉटेलात वेटर होते. चित्रे काढून पोट भरत नाही, अशी त्यांना धास्ती. तरी पोरासाठी रंगाच्या नळ्या आणत. तोंडाने कौतुक मात्र करत नसत. १९३५ साली ते वारले. त्यांच्या पाकिटात मुलाच्या बक्षिसांच्या बातम्यांची झिजलेली कात्रणे निघाली.

बंधू-भगिनींनो, कौतुक असे पाकिटात ठेवू नका. दिवसभर राबून तुम्ही घरी याल, तेव्हा लेकराने काढलेले चित्र दोन मिनिटे हातात घ्या. त्यात आपली वस्ती, आपली आजी, आपले विहार असेल, तर ते भिंतीवर लावा. आपल्या मुलांचे चेहरे पुस्तकात यायचे, तर ते काढणारे हात आपल्याच घरांत तयार झाले पाहिजेत.

जयभीम!