अढळ बचाव

बास्केटबॉलमध्यें टाळ्या मिळतात त्या गोल करणारास. बचाव करणारा उपेक्षितच राहतो. अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघानें मात्र बचावासच आपलें ब्रीद मानिलें. प्रशिक्षक टोनी बेनेट यांनीं वडिलांपासून घेतलेली रीत साधी होती: एकानें चेंडूवाल्यास भिडावें, चौघांनीं टोपलीभोंवतीं कल्पिलेल्या रेषेच्या आंत राहून वाट अडवावी. सन २०१८ च्या राष्ट्रीय स्पर्धेंत पहिल्या मानांकनाचा हा संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेंत असें प्रथमच घडलें. तरीही त्यांनीं बचावाची रीत सोडिली नाहीं. सन २०१९ मध्यें टेक्सस टेकला जादा वेळांत ८५-७७ असें हरवून तोच संघ अजिंक्य ठरला. विद्यार्थिमित्रहो, एका पराभवानें चांगली पद्धत खोटी ठरत नाहीं. आपली निष्ठा मात्र तेव्हांच कसास लागते.