आकडा मोठा, पण मूळ प्रत कोणती?

तेलंगणाच्या सीमेवरील बिलोली तालुक्यात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू गाणी एकाच मेमरी कार्डावर नांदतात. कॅसेट मागे पडली तेव्हा मोबाइलच्या दुकानातून कार्ड भरून घेण्याची रीत पडली. जास्त गाणी मावावीत म्हणून फाइली लहान ठेवल्या गेल्या. आता जुनी गाणी ‘डिलक्स’, ‘रिमास्टर्ड’, ‘२४ बिट’ अशी बिरुदे लावून पुन्हा बाजारात येतात. ती घ्यावीत का?

आधी हिशेब पाहू. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांत होते. चार मिनिटांचे गाणे सुमारे ४२ एमबी होते. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये तेच चार एमबीच्या आत बसते. कानाला सहसा जाणवणार नाही असा तपशील गाळून ही बचत साधते. पण काटछाट जास्त झाली की टाळ, झांज, घुंगरू यांची धार बोथट होते. अशा एमपी३ची पुढे फ्लॅक, म्हणजे काहीही न गाळणारी, फाइल केली तरी फक्त जागा वाढते, गेलेला आवाज येत नाही. दुसरीकडे, माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि तेवढे सीडीत येतेच. ऐकणाऱ्याला १९२ किलोहर्ट्‌झचे, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नोंदींचे, अप्रूप नको.

खरा फरक पडतो तो मूळ प्रतीमुळे. स्टुडिओच्या फितीवरून केलेली साधी सीडी ही घासलेल्या कॅसेटवरून काढलेल्या ‘२४ बिट’ फाइलपेक्षा केव्हाही सरस. रिमास्टर करताना आवाज सरसकट चढवला, तर गाण्यातले चढउतारच सपाट होतात.

जपानमध्ये देशी सीडी आयात सीडीपेक्षा महाग पडे, म्हणून तिथल्या आवृत्तीत जादा गाणे देण्याची प्रथा रुजली. मराठी आवृत्तीने जादा द्यावी ती माहिती: ध्वनिमुद्रणाचे वर्ष, वादकांची नावे, मूळ फीत की तबकडी. मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था तबकड्यांच्या अशा नोंदी हौसेने करत आली आहे. कंपन्यांना ते जड जाऊ नये.

मराठवाड्यातली कितीतरी भीमगीते, भारुडे आणि खंडोबाची गाणी लहान कंपन्यांच्या कॅसेटवरच आली. त्यांच्या बाबतीत घरातली कॅसेट हीच मूळ प्रत ठरू शकते. डेकचे हेड पुसून ती २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झला वाव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवावी, वेष्टणाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा आणि एमपी३ त्यानंतर करावी. मूळ प्रतीचा पत्ता न सांगणाऱ्या ‘डिलक्स’ आवृत्तीवर पैसे घालण्याआधी हे काम उरकलेले बरे.